खुर्चीचं म्हणणं

टिपणबाई सभागृहात शिरल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर सल्लागारबाई बसल्या होत्या.

नुसत्या बसल्या नव्हत्या, लॅपटॉप उघडून ऐसपैस पसरल्या होत्या. सतरा वर्षं नगरपालिकेच्या सभांचं इतिवृत्त टिपणबाईंनी त्याच खुर्चीवरून हाताने लिहिलं होतं. म्हणून तर त्यांना हे नाव पडलं. आज कुणी 'जरा सरका' म्हणायचीही तसदी घेतली नाही.

दारातल्या शिपायानेही मान वर केली नव्हती. एरवी पाच मिनिटं उशीर झाला की चिडवल्याशिवाय सोडत नसे. पण टिपणबाईंना आज रुसायला सवड नव्हती. विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकाला पूल होता.

पूल म्हणजे काय, तर नाल्यावरच्या चार हात फळ्या. तीन कुजलेल्या, कठडा कधीच गेलेला. पलीकडे टिपणबाईंचं घर, आणि घरात आप्पा. वय एक्क्याऐंशी, डोळे अधू, हट्ट मात्र शाबूत. रोज सकाळी काठी टेकत पूल ओलांडून वर्तमानपत्र आणायला जाणार म्हणजे जाणारच. आप्पा वळणावर दिसेनासे झाले की परत येईपर्यंत टिपणबाईंचा जीव टांगणीला लागे.

आज त्यांनी वडिलांना दटावून घरी बसवलं होतं.

"आप्पा, आज पूल मंजूर होतोय. एक दिवस कळ काढा. पेपर मी आणते येताना."

"वर्षभर हेच सांगतेस, बाळ," आप्पा म्हणाले होते.

आणि पुलावर फजिती झाली ती टिपणबाईंचीच. फळीने दगा दिला, एक चप्पल गेली, कपडे चिंब झाले. तरी सभेच्या वेळेला त्या हजर होत्या. अनवाणी पाय टेबलाखाली लपवला की झालं.

पण टेबलापाशी बसायचं कुठे? एकच खुर्ची मोकळी होती आणि ती मोकळीच ठेवायची होती.

ही नगरपालिकेने नेमलेल्या सल्लागारबाईंची देणगी. समन्याय समितीच्या प्रत्येक सभेत एक खुर्ची रिकामी, 'ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांच्यासाठी'. पुढ्यात पाण्याचा पेलासुद्धा. सभा संपताना अध्यक्षांनी खुर्चीकडे बघून विचारायचं, "आपलं काय म्हणणं आहे?" मग सगळ्यांनी एक मिनिट गप्प राहून ऐकायचं. टिपणबाई दर महिन्याला हसू दाबत लिहीत, 'खुर्चीचं काही म्हणणं नाही.' लाकडाला कसलं आलंय म्हणणं!

आज त्या सरळ जाऊन त्याच खुर्चीवर बसल्या. बघूच कोण हटकतो ते. कुणीच हटकलं नाही.

वही उघडली तर पानं भिजलेली, पेन उमटेना. चहाचा ट्रे त्यांच्या नाकासमोरून पुढे गेला. जाऊ दे मेला. लिपिकाला चहा विचारायचा नाही हाही कदाचित समन्यायच असेल.

"विषय पाच," अध्यक्ष म्हणाले. "पूल."

"पूल नको म्हणायला," सल्लागारबाई म्हणाल्या. "समन्यायी संपर्क-दुवा."

"तीन फळ्या बदलायच्यात," अभियंता म्हणाला. "दोन सुतार, एक दिवस."

"आणि भागधारकांचा सहभाग? आपण वरून उपाय लादतोय. आधी सर्वसमावेशक संवाद, मग सक्षमीकरण, मग फळ्या."

अभियंत्याने समोरचा कागद घडी करून खिशात ठेवला. वर्षभरात तोही शहाणा झाला होता.

"अहो, भागधारक इथे बसलीय!" टिपणबाई म्हणाल्या.

कुणी वळूनही पाहिलं नाही. त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. सतरा वर्षं पालथ्या घड्यावर पाणीच होतं ते. राग मात्र आला, डोळे भरून येतील इतका.

"खिडकी उघडी राहिलीय का? केवढा गारठा हा," सल्लागारबाई खांदे चोळत म्हणाल्या. खिडक्या बंद होत्या.

"पूल पुढच्या सभेत घेऊ," अध्यक्ष म्हणाले. मग ते वळले आणि थेट टिपणबाईंच्या डोळ्यांत बघत त्यांनी विचारलं, "आपलं काय म्हणणं आहे?"

टिपणबाई पुढे सरसावल्या. सतरा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं.

"साहेब, दुवा नको, संवाद नको. तीन फळ्या द्या. माझे आप्पा हट्टी आहेत, मी अडवलं तरी ते त्याच पुलावरून येणार. एक म्हातारा माणूस नाल्यात जायची वाट बघताय का तुम्ही? मी हात जोडते. आज मंजूर करा."

सगळे ऐकत होते. कुणी खोकलं नाही, कुणी फोनकडे पाहिलं नाही. सल्लागारबाईंची बोटंही थांबली होती. माणसं अशी ऐकू लागली की कसं वाटतं ते टिपणबाईंना पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांना भरून आलं.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"झालं मिनिट. लिहून घ्या, खुर्चीचं काही म्हणणं नाही."

"अहो, पण मी आत्ता..."

दार उघडून शिपाई आत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेब, टिपणबाईंचे वडील आलेत. त्या पुलावरून एकटेच, काठी टेकत. हातात बाईंची एक चप्पल आहे. म्हणतात, सकाळी लेकीला नाल्यातून बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता. आणि विचारतायत, पूल मंजूर झाला का?"