एकही वॉर्निंग नाही

"लिलाधर, सैल गाठ दिसली का तुटलीच समज," जाळं विणता विणता बाप म्हणायचा.

बाप गेल्यावर कितीतरी वर्षांनी लाखनीच्या ऑफिसात त्याच्यासोबत काम करणाऱ्या दुर्गाने तसाच नियम आणला. कोड लिहिताना वॉर्निंग, म्हणजे इथं काही सैल आहे अशी कॉम्प्युटरची नुसती शंका, आली तर येऊ द्यायची. पण ॲप लोकांच्या हाती देताना प्रत्येक वॉर्निंग म्हणजे एरर, काम तिथंच थांबवायचं. सगळ्यांनी तिला वाखाणलं. लिलाधरच्या उरात बाभळीचा काटा मोडला. शहाणपण त्याच्या बापाचं, आणि नाव हिचं!

आज दुर्गाचं ॲप निघणार होतं. धरणातून पाणी सोडण्याआधी ते नदीतल्या मासेमारांना मेसेज धाडणार होतं. तपासणीत एकही वॉर्निंग आली नाही. सरांनी पेढे मागवले.

"काहून गा लिलाधर, तोंड उतरलं तुहं? जळून राहिला का माह्यावर?" दुर्गा हसली आणि तिचं बोट शेवटच्या बटणाकडे गेलं.

लिलाधरने तिचा हात धरला.

"थांब दुर्गा. वॉर्निंग आहे. ती दिसू नये म्हणून कालच मी तुह्या कोडात एक ओळ घातली. तुही फजिती मले पाहाची होती."