उलट क्रमाने

"मी आकडे म्हणेन, तुम्ही ते उलट क्रमाने सांगायचे," मी म्हणाले. स्मृतिचाचणीतलं हे वाक्य कुठल्या सुरात म्हणायचं, ते मला घैसास मॅडमनीच शिकवलं होतं. आज त्या टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान, काका, मांडीवर मॅडमची पर्स घट्ट धरून.

"पाच, दोन, आठ, तीन."

"चार, नऊ, एक, सहा," मॅडम जराही न अडखळता म्हणाल्या.

त्या अडखळल्या नाहीत एवढ्यानेच काकांच्या जिवात जीव आला. "बघ, मी म्हणत होतो ना? दूध उतू गेलं म्हणून लगेच काय..."

मी मान खाली घातली. सहा, एक, नऊ, चार हा मॅडमच्या जुन्या स्कूटरचा नंबर. कार्यस्मृती, म्हणजे ऐकलेलं क्षणभर मनात धरून वापरणं, शिकवताना दर वर्षी त्या उदाहरण म्हणून फळ्यावर तोच लिहायच्या. मी म्हटलेले आकडे त्यांच्याजवळ क्षणभरही टिकले नव्हते.

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला.

"चेहरा," त्या हळूच म्हणाल्या. "किती वेळा सांगितलंय, समोरचा चुकला तर आपल्या चेहऱ्यावर दिसता कामा नये. आता मला कळलं ना गं."

त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात बाहेर कुणीतरी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मॅडमनी वळून दाराकडे पाहिलं. परत माझ्याकडे वळल्या तेव्हा डोळे ओलेच होते, पण का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"हं," पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "विचार आकडे. घाबरू नकोस."