तळव्यावरचा शुक्र

ताहितीच्या काळ्या वाळूवर मी दुर्बीण लावून पांढऱ्या चादरीवर सूर्याचं बिंब पाडलं होतं. त्याच्यावरून शुक्राचा काळा ठिपका सरकत होता.

"वक्री आहे म्हणे. मग माघारी फिरेल ना?" धाकट्या बहिणीनं, पोएरावानं, विचारलं.

"नुसता तसा दिसतो, वेडे. ग्रह कधी माघारी फिरत नाही."

"आला मोठा शहाणा!" तिनं चादरीपुढे हात धरून ठिपका तळव्यावर झेलला. "बघ, शुक्र माझा!"

तिनं हात काढला. चादरीवरचा सूर्य स्वच्छ होता. ठिपका तळव्यावरच राहिला.

मोनोई तेल लावून आम्ही घासघास घासलं. ठिपका मनगट ओलांडून कोपराकडे, मग दंडावरून छातीकडे सरकत राहिला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "खरंच कधी माघारी फिरत नाही?"