बटणांची बाजू

मालतीबाईंनी उशी उचलली, उलटी केली आणि भावासमोर धरली.

"दिना, हा तुझा शर्ट आहे."

"होता," दिनानाथ म्हणाला. "आता अभ्रा आहे."

त्यानं मशीन थांबवलं नाही. सहाव्या अभ्र्याची शेवटची बाजू राहिली होती. शिवण चौकडीच्या लाल रेघेबरोबर सरळ जाते आहे ना, एवढंच बघत तो पाय चालवत होता.

वाशीतल्या त्या दोन खोल्यांत, पलंगावर दिनानाथच्या लेकीचं, वैजयंतीचं, रुखवत मांडून बघायचं चाललं होतं. लग्न उद्या. सकाळी हे सगळं हॉलवर जायचं होतं. लाडवांची परडी मावशीनं दिली होती, मण्यांचं तोरण शेजारणीनं केलं होतं. आईच्या हातचं काहीच नव्हतं. जयमालाला जाऊन दहा महिने झाले होते. वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा, असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून घाईनं तारीख धरली होती.

मालतीबाईंनी दादरहून मखमली उशा आणल्या होत्या. त्या अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या. दिनानाथच्या उशा चौकडीच्या. पुढचं कापड बाजारातल्या कटपीसच्या ढिगातून वजनावर घेतलेलं, आणि पाठीला त्याचेच जुने शर्ट. पलंगावर जागा एकाच प्रकारच्या उशांना होती.

"कटपीस घेतलेस ते घेतलेस. पाठीला तरी नवं कापड घ्यायचंस."

"मला काज येत नाहीत, अक्का. कापता येतं, सरळ शिवण मारता येते. काज नाही. शर्टाला काज-बटणं तयारच असतात. पट्टी बरोबर मधे धरली आणि कापलं. उशी आत घाला, बटणं लावा, झालं."

तुर्भ्याच्या कारखान्यात तो फिटर होता. एखादा जॉब समजावून सांगावा तसं त्यानं हे सांगितलं. कापण्यासाठी त्यानं पत्र्याचा साचा केला होता. सगळे अभ्रे सोळा बाय सोळा, एका सुताचा फरक नाही.

"आणि विहीणबाईंना काय सांगू? नवरीच्या उशाला बापाचा जुना शर्ट?"

"गोधडीत काय नवं घालतात?"

"गोधडी कुणी रुखवतात मांडत नाही."

"मांडायला पाहिजे."

"हसण्यावारी नेऊ नकोस. रुखवत हे बायकांचं काम. तिला आई नाही, पण आत्या आहे ना? तू कशाला मधे पडतोस?" मालतीबाई भाचीकडे वळल्या. "वैजू, तू सांग बाई. तुझं रुखवत आहे. मखमलीच्या ठेवायच्या का ह्या?"

वैजयंती खाली बसून मातीची बोळकी रंगवत होती. तिनं मान वर केली नाही.

"बाबा, तिकडच्या बायका सगळं उलटून बघतात. टाकेसुद्धा."

"बघू देत. बघण्यासारखेच आहेत."

"टाक्यांचं नाही म्हणत मी. हसतील हो."

मशीन थांबलं. दिनानाथनं दोरा तोडला, अभ्रा सुलटा केला आणि त्याचे चारी कोपरे अंगठ्यानं बाहेर काढले.

"हसल्या तर मला हाक मार. मी येऊन सांगतो कसं केलं ते."

वैजयंतीचा ब्रश एकाच बोळक्यावर फिरत राहिला.

"बरं," मालतीबाई म्हणाल्या, "मांडायच्याच असतील तर निदान ही बटणं तरी बदलू. पिवळी पडलीत. खालच्या दुकानात मिळतील नवी."

"काढून बघ."

मालतीबाईंनी कात्री घेतली. तिचं टोक बटणाखाली जाईना. त्यांनी बटण चिमटीत धरून ओढलं. कापड वर आलं, सगळी उशी वर आली, बटण हललं नाही.

"कसली लावलीयत रे ही! काढायची तरी कशी?"

वैजयंतीनं ब्रश ठेवला. हात परकराला पुसले आणि आत्याच्या हातातून उशी घेऊन ती खिडकीशी गेली.

पहिल्या बटणाला हिरवा दोरा होता. त्याखालच्या बटणाला तपकिरी. तिसऱ्याला लाल. शिंपी असं करत नाही. सुईत असेल त्या दोऱ्यानं बटण लावून टाकायची सवय ह्या घरात एकीलाच होती. कारखान्यात लोक हसतात, अशी दिनानाथची कुरकुर असायची. आणि बटण तुटलं का ते सांगा, एवढंच ती विचारायची.

वैजयंतीनं दुसरी उशी घेतली. मग तिसरी. प्रत्येकीवर असं एक तरी बटण होतं.

"आत्या, कात्री ठेव."

"काय झालं गं?"

वैजयंतीनं उशी त्यांच्या हातात दिली आणि दोऱ्यावर बोट ठेवलं. मालतीबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा, तुम्ही मुद्दाम..."

"मला काज येत नाहीत," दिनानाथ म्हणाला आणि सहाव्या अभ्र्यात उशी भरायला बसला.

मखमली उशांची पिशवी वैजयंतीनं पलंगाखाली सरकवली. चौकडीच्या उशा एकेक करून भिंतीला टेकवून उभ्या केल्या. चौकडी भिंतीकडे, बटणं पुढे.

मालतीबाई दोन पावलं मागे झाल्या. रुखवत बघायला येणारी बाई जिथे उभी राहील तिथे उभ्या राहिल्या, आणि मान तिरकी करून त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"पुढं घे गं जरा," त्या म्हणाल्या. "एवढ्या मागं ठेवल्यास तर बटणं दिसतील का कुणाला?"