खर्चाची मर्यादा

“या नव्या ॲपमध्ये खर्चाची मर्यादा ओलांडली की काय होतं?” बाबांनी विचारलं.

“टिंग वाजतं.” मुलीने लॅपटॉपवरून मानही वर केली नाही.

“नुसतं टिंग?”

“मग काय, बँड लावायचा?”

बाबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं.

आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. घरचा हिशेब तीच बघायची. बाबांचा हात पहिल्यापासून सढळ, म्हणून त्यांच्या फोनवर ते जुनं ॲपही तिनेच, त्यातल्या सूचनांसकट, आपल्या मनासारखं बसवून दिलं होतं. ती होती तोवर निभावलं. आता बाबांना ताळतंत्रच उरलं नव्हतं. घरात छत्र्यांचा ढीग, वर दारांपेक्षा कुलुपं जास्त. महिन्याची मर्यादा केव्हाच संपलेली आणि तरी रोज काहीतरी नवं घरात येतच होतं.

“वस्तू घेतात आणि दुकानाच्या दारातच फोन कानाला लावून उभे राहतात,” असं कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं, तेव्हा मुलीने नवं ॲप घ्यायचं ठरवलं. कुणीतरी म्हाताऱ्या माणसाला फोनवरून लुबाडत असणार. नाहीतर त्यांचं डोकंच साथ सोडत असणार. नव्या ॲपमध्ये निदान सगळं तिला दिसत राहणार होतं.

“सगळ्या नोंदी आल्या,” ती म्हणाली. “पैन्‌पै जुळली. आता जुन्या ॲपचं खातं बंद करते.”

“राहू दे की तेही. खायला मागतंय का?”

“दोन-दोन ठिकाणी कशाला घोळ? पुरे झालं, बाबा.”

“जरा जाऊन येतो,” म्हणत बाबा उठले. कोपऱ्यावरच्या दुकानातून परतले तेव्हा त्यांच्या हातात छत्री होती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

मुलीचा संयम सुटला. “आईला काय वाटलं असतं, कळतंय का तुम्हाला? जिवाचं पाणी करून तिने पैसा जोडला, आणि तुम्ही...” तिने बटण दाबलं. ‘खातं कायमचं हटवत आहोत,’ अशी अक्षरं पडद्यावर उमटली आणि खालची पट्टी पुढे सरकू लागली.

बाबांचं लक्षच नव्हतं. ते फोनवरच्या जुन्या ॲपमध्ये छत्रीची किंमत टाकत होते. मग नेहमीसारखा कानाला न लावता त्यांनी फोन दोघांच्या मध्ये धरला.

“अहो,” फोनमधून आईचा आवाज आला, “पुरे झाला हं खर्च. या बघू आता घ—”