प्राप्त

"पाटीवरचं ‘प्राप्त’ म्हणजे ढापलेलं ना, काका?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने संग्रहालयातल्या मार्गदर्शकांना विचारलंच. मागे खसखस पिकली. काका मात्र हसले नाहीत. "विकत घेतलं तर ‘खरेदी’ लिहितो, कुणी दिलं तर ‘भेट’. उरलेल्याला ‘प्राप्त’." तिला घर आठवलं. तिथली जेवायला बोलावणारी पितळी घंटा आजोबांनी लढाईवरून आणलेली. तिच्या काठावर त्यांनीच कोरून घेतलं होतं: एका परक्या गावाचं नाव आणि ‘प्राप्त’. संध्याकाळी आईचा हात खुंटीकडे गेला, तर खुंटी रिकामी. घंटा लेकीच्या मांडीवर, जुन्या स्वेटरात गुंडाळलेली. "आजोबांची आठवण आहे ती," बाबांचा आवाज चढला. "आठवण आपलीच राहील, बाबा. घंटा त्या गावाची आहे. तिथल्या शाळेला पत्र टाकलंय, मी ती परत पाठवणार. आई, उद्यापासून नुसती हाक मार, पहिल्या हाकेला येईन."