चार वाजताची मालिका

"घाई केली लेकाने, म्हणून फसला," धाकटीचा नवरा टीव्हीकडे बघत म्हणाला. "थोडंथोडं घातलं असतं, तर त्या वकिलाच्या बापालाही कळलं नसतं."

कोर्टाच्या त्या जुन्या मालिकेचे भाग रोज चार वाजता पुन्हा दाखवत. आजच्या भागात एकाने बायकोला विष दिलं होतं आणि काळ्या कोटातला वकील त्याला उलटतपासणीत सोलून काढत होता. पलंगावर उशीला टेकलेल्या धाकटीने ताईचा हात हळूच दाबला.

धाकटीने अंथरूण धरलं म्हणून ताई आपलं घर सोडून आली होती. उलट्या, चक्कर, चेहरा राखेसारखा. डॉक्टरांना निदान होत नव्हतं. नवरा सेवा मात्र मनापासून करी. बागेच्या सामानाचं दुकान दुपारी बंद करून घरी येई, कॉफी स्वतः करी. असा जावई शोधून सापडायचा नाही, असं ताईच सगळ्यांना सांगे.

मग गेल्या आठवड्यात, तो आंघोळीला गेला असताना, धाकटीने तिला सगळं सांगितलं. कॉफी प्यायल्यावरच पोटात कालवतं. दुकानातली कीटकनाशकाची बाटली स्वयंपाकघरात दिसली होती, नंतर ती गायब झाली. ताई म्हणाली, पोलिसांत जाऊ. धाकटी रडवेलं हसली. आजारी बाईला भास होतात म्हणतील आणि मला परत त्याच्याच हवाली करतील.

आई गेल्यावर ताईनेच तिला मांडीवर घेऊन भरवलं होतं. धाकटीचं ते बोलणं ऐकल्यापासून ताईच्या घशाखाली घास उतरेना.

भाग संपत आला तसा त्याने ट्रे आणला. दोघींच्या हातात कप दिले, स्वतःचा स्टुलावर ठेवला. तेवढ्यात बेल वाजली. तो दाराशी कुणाशी तरी बोलत उभा राहिला. ताईने वाकून तिकडे पाहिलं. ती वळली तेव्हा धाकटीने कप नाकाशी नेला होता. तिने तो ताईपुढे धरला.

ताईने तो कप स्टुलावर ठेवला आणि तिथला धाकटीला दिला. कॉफीत काही नसेल तर कुणाचंच बिघडणार नाही, तिने मनाला समजावलं. असेल, तर ज्याचं पाप त्याच्या पदरात.

तो आला, नेहमीसारखी घटाघटा कॉफी प्यायला आणि त्याने तोंड वाकडं केलं. टीव्हीवर निकाल लागायच्या आतच तो खुर्चीवरून घसरला, तो पुन्हा उठलाच नाही.

ताईने पोलिसांपासून काही लपवलं नाही. कप बदलले, बहिणीला वाचवायला बदलले, हे आपणहून सांगितलं. तिचा वकील म्हणाला, आता सगळी भिस्त धाकटीच्या साक्षीवर. ताई निश्चिंत होती.

साक्षीच्या दिवशी धाकटी कुणाचाही हात न धरता पिंजऱ्यात चढली. गालांवर रंग आला होता. ते बघूनच ताईला बरं वाटलं.

नवरा विष घालतो, असं तुम्हीच बहिणीला सांगितलं होतं ना, असं वकिलाने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. ताईच्या डोक्यात हे कुठून आलं, मला ठाऊक नाही."

पोर घाबरली असेल, असंच ताईला वाटलं.

साक्ष संपली. बाहेर जाताना धाकटी तिच्यापाशी थांबली आणि हुंदका आवरत नसल्यासारखी तिच्या गळ्यात पडली. पहाऱ्यावरच्या पोलीस बाईने मान वळवली.

"ह्यांनी कॉफीत कधीच काही घातलं नव्हतं गं, ताई," ती कानात म्हणाली.